जुन्या क्रोम प्लेटिंगच्या जागेतली बोअर पिवळी: उपाय काय?

शेडवाला: मंडळी, उद्यमनगरातली एक शेड घेतली आहे. आधी तिथं हार्ड क्रोम प्लेटिंग चालायचं. हौद बुजवून वर कोबा केलाय. बोअर २०० फूट, पाणी ३० फुटांवर, केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) फक्त २० फूट. पाणी फिकट पिवळं. रिपोर्ट: हेक्साव्हॅलंट (षट्संयुजी, विषारी) क्रोमियम ४.२ मिग्रॅ/लिटर, पीएच ७.४. आरओ बसवून भागेल का, की उपसून उपसून साफ होईल?

मुरूम-बेसॉल्ट: पिणं, स्वयंपाक, झाडं, सगळं आज बंद करा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिग्रॅ/लिटर आहे, तुमचं ८४ पट भरतं. शेजारच्या बोअरवाल्यांनाही सांगा, हे लपवण्यासारखं नाही. आरओ क्रोम अडवतो, संपवत नाही. रिजेक्टमधून, म्हणजे आरओच्या टाकाऊ पाण्यातून, तोच जास्त तीव्र होऊन गटारात आणि पुढं पंचगंगेत जातो.

नुसत्या उपशानंही होणार नाही. क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळलेला हेक्साव्हॅलंट क्रोम, मातीला फारसा धरून राहत नाही, बेसॉल्टच्या भेगांतनं लांब पळतो. पण हौदाखालच्या मुरुमात मुरलेला साठा पावसाळ्यात पाणी वर चढलं की धुऊन उतरतो. उपसा थांबला की आकडा परत वर. म्हणून आधी कोबा फोडा आणि पिवळा-हिरवा मुरूम काढा. तो घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात पाठवायचा. भरावाला कुणी मागितला तरी देऊ नका.

हिराकस: उपसलेल्या पाण्यासाठी फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस. १ ग्रॅम क्रोमला हिशेबानं १६ ग्रॅम लागतं. तुमच्या १००० लिटरला ६७ ग्रॅम. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही ते खातं, म्हणून १३० पासून सुरुवात करा, पण आधी बादलीत चाचणी घ्या. पंख्यानं ढवळा, ब्लोअरनं नको. हिराकस ताजं, हिरवं घ्या. तांबूस पडलेलं कामाचं नाही. अर्ध्या तासानं चुन्याची निवळी घालून पीएच ८ ते ८.५ करा, गाळ बसू द्या, मग वाळूचा फिल्टर. डायफिनाइल कार्बाझाइडनं (हेक्साव्हॅलंट क्रोम ओळखायचं रसायन) जांभळा रंग आला तर मात्रा कमी पडली. गाळही मुरमासोबतच पाठवायचा.

शेडवाला: बोअरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली तर?

हिराकस: अजिबात नको. क्लोरीनमुळं निरुपद्रवी झालेला क्रोम पुन्हा हेक्साव्हॅलंट होऊ शकतो.

मुरूम-बेसॉल्ट: जमिनीतच उपचार करायचा तर पातळ गुळवणी इंजेक्शन-बोअरमधून सोडतात, जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि क्रोम त्रिसंयुजी, म्हणजे निरुपद्रवी, होऊन खाली बसतो. मळीही चालते, पण तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, गूळ मात्र आपल्याकडं मुबलक. हे परवानगीशिवाय आणि उताराकडच्या निरीक्षण बोअरशिवाय करू नका: लोह-मँगनीज सुटतं, जिवाणूंच्या बुळबुळीत थरानं भेगा बुजतात. आणि २० फुटांचं केसिंग आहे तसं ठेवलं तर वरचं दूषित पाणी कडेनं खाली झिरपत राहील. पक्क्या खडकापर्यंत केसिंग उतरवून भोवती सिमेंट ग्राउट भरा.

नमुना घेताना बोअरमधलं उभं पाणी तीनदा बदलेल एवढं उपसा. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर, म्हणजे १७० फुटांचे तीनदा मिळून सव्वातीन हजार लिटर. ते पाणी टाकीत, गटारात नाही. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळचे नमुने घ्या. एकट्या मे महिन्याच्या आकड्यावर काम संपलं म्हणू नका.