कॅटलोनिया: २०१७च्या त्या मतदानाचं पुढे काय झालं?

उंबरठा:

१ ऑक्टोबर २०१७, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातलं स्वातंत्र्याचं सार्वमत. शाळांच्या दारात हेल्मेट घातलेले पोलीस आणि आत मतपेट्यांना कवटाळून उभी असलेली माणसं. टीव्हीवर पाहिलेली ती दृश्यं अजून डोक्यातून गेलेली नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीस स्वातंत्र्याची घोषणा झाली, प्रांताचे अध्यक्ष कार्लेस पुजदेमोन बेल्जियमला निघून गेले, बाकीचे नेते तुरुंगात गेले, आणि मग बातम्यांतून हा विषय जवळजवळ नाहीसाच झाला. थेट २०२३मध्ये वाचलं, की स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सान्चेझ त्याच पुजदेमोन यांच्या पक्षाच्या ७ मतांवर पुन्हा सत्तेत आले. मधली गोष्ट कुणी सांगेल का?

दोन गोष्टी खास विचारायच्या आहेत. श्रीमंत प्रांताला बाकीच्यांना पोसायचं नव्हतं म्हणून हे सगळं पेटलं, असं म्हणतात. ते कितपत खरं? आणि स्कॉटलंडला मतदान करू दिलं, मग कॅटलोनियाला का नाही? तिकडे राहणारं कुणी असेल तर फारच बरं.

नीलमोहोर:

मी बार्सिलोनाला चिकटून असलेल्या लोस्पितालेतमध्ये राहते, २०१७च्या बरंच आधीपासून. त्यामुळे पाहिलेलं आणि वाचलेलं दोन्ही लिहिते. त्यात माझं मत येणारच.

पैसा हे कारण होतं, पण पहिलं नव्हतं. सुरुवात २००६च्या ‘एस्तातुत’पासून, म्हणजे कॅटलोनियाच्या स्वायत्ततेच्या कायद्यापासून धरायला हवी. इथल्या संसदेने मसुदा केला, माद्रिदच्या संसदेने त्याला बरीच कात्री लावून तो मंजूर केला आणि १८ जून २००६ला इथल्या लोकांनी सार्वमतात तो स्वीकारला. मतदान निम्म्याहून किंचित कमी झालं, पण झालेल्या मतांपैकी ७४ टक्क्यांच्या आसपास होकार होता. विषय तिथे मिटायला हवा होता. पण पीपल्स पार्टी (पीपी) हा स्पेनमधला मोठा उजवा पक्ष घटनात्मक न्यायालयात गेला. न्यायालयाने चार वर्षं घेतली आणि २८ जून २०१०ला १४ कलमं पूर्ण किंवा अंशतः रद्द केली, आणखी बऱ्याच कलमांचा अर्थ आवळून टाकला. प्रस्तावनेत कॅटलोनियाला ‘राष्ट्र’ म्हटलं होतं, त्याला कायदेशीर वजन नाही असंही सांगितलं. १० जुलैला बार्सिलोनात प्रचंड मोर्चा निघाला.

माझी एक सहकारी विक गावची आहे. तिचे वडील आयुष्यभर स्वायत्ततेवर समाधानी होते, वेगळ्या देशाची भाषा त्यांना आवडायची नाही. त्या निकालानंतर त्यांनी बाल्कनीत ‘अस्तेलादा’ लावला, चांदणी असलेला स्वातंत्र्यवाद्यांचा झेंडा. त्यांना करांचं गणित कुणी समजावलं नव्हतं. आपण मत दिल्यावर ते दुसऱ्याने खोडलं, एवढंच त्यांना कळलं होतं. माझ्या मते आजवरची सगळ्यात मोठी चूक ही २०१०ची आहे, आणि ती माद्रिदची आहे.

पैशाचा मुद्दा त्यावर चढला. बास्क प्रांत आणि नावार्रा स्वतःचे कर स्वतः गोळा करतात आणि ठरलेला वाटा माद्रिदला देतात. कॅटलोनियाला ती सोय नाही. २००८च्या मंदीनंतर इथे दवाखाने-शाळांच्या खर्चाला कात्री लागली होती, लोक चिडलेले होते. ११ सप्टेंबर २०१२ला, ‘दियादा’च्या दिवशी (१७१४मध्ये बार्सिलोना स्पेनच्या राजाच्या सैन्यापुढे पडलं, त्याची आठवण), रस्ते भरून गेले. पुढच्याच आठवड्यात कॅटलोनियाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्तुर मास बास्कसारखी करव्यवस्था मागायला स्पेनचे तेव्हाचे पंतप्रधान, पीपीचे मारियानो राहॉय यांच्याकडे गेले आणि रिकाम्या हाताने परतले. मग २०१३ची सुमारे ४०० किलोमीटरची मानवी साखळी, २०१४चं सल्लागार मतदान, २०१५ची निवडणूक. त्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना १३५पैकी ७२ जागा मिळाल्या, पण मतं ४७.८ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गुंतागुंत त्यात आहे.

आता चळवळीची चूक. ६ आणि ७ सप्टेंबर २०१७ला त्यांनी प्रांतिक संसदेत सार्वमताचा कायदा आणि स्पेनमधून बाहेर पडण्याचा संक्रमण-कायदा घाईघाईने मंजूर करून घेतला. सार्वमताच्या कायद्यावरच्या मतदानाआधी विरोधकांपैकी बहुतेक जण सभागृहातून उठून गेले. इथल्या एस्तातुतमध्ये बदल करायला दोन तृतीयांश, म्हणजे ९० सदस्य लागतात. देश तोडायला मात्र ७२ पुरले!

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी साठच्या दशकात अंदालुसियातल्या हाएनहून कामासाठी इथे आल्या. मुलं इथल्या शाळेत शिकली, नातवंडं आपापसात कातालानच बोलतात. त्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “नातवाच्या देशात मला परकी करून टाकतील आणि मला विचारणारसुद्धा नाहीत.” लोस्पितालेत, कोर्नेल्या या कामगार पट्ट्यात अशी लाखो माणसं आहेत. चळवळीने त्यांना कधी शत्रू म्हटलं नाही, पण त्यांच्या दारात जाऊन त्यांचं मन वळवण्याचं कष्टाचं कामही पुरेसं केलं नाही.

१ ऑक्टोबरला पाऊस होता. माझ्या मुलीची शाळा मतदान केंद्र होती. पोलिसांनी कुलूप लावू नये म्हणून पालक शुक्रवारपासून तिथेच होते, मुलांसाठी खेळ चालले होते, रात्री अंथरुणं पसरली होती. मतपेट्या आधी फ्रान्सच्या हद्दीत लपवून ठेवल्या होत्या आणि लोकांनी त्या आपापल्या गाड्यांतून गुपचूप आणल्या. मी परदेशी नागरिक, मला मत नव्हतं, पण मी पहाटेपासून रांगेतल्या वृद्धांसाठी खुर्च्या मांडत होते. आमच्या शाळेत पोलीस आले नाहीत. दुसरीकडे काय होतंय ते सगळे फोनवर बघत होते: केस धरून ओढलेल्या बायका, रबरी गोळी लागून एका माणसाचा गेलेला डोळा. हजाराच्या आसपास लोकांवर उपचार केल्याचं इथल्या आरोग्य खात्याने नोंदवलं. त्या संध्याकाळी मतदानाच्या निकालापेक्षा पोलिसांबद्दलच बोलणं चाललं होतं. खालच्या आजी ‘नाही’च्या बाजूच्या, तरी टीव्हीसमोर बसून रडत होत्या.

निकाल: ४३ टक्के मतदान, त्यात ९० टक्के होकार. विरोधातले बहुतेक घरीच बसले होते. ३ ऑक्टोबरच्या रात्री राजे सहावे फेलिपे टीव्हीवर बोलले आणि जखमींचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. इथल्या कितीतरी मध्यममार्गी माणसांनी त्या भाषणानंतर राजघराण्यावर फुली मारली.

बाकी रात्री लिहिते.

मुक्तछंद:

नीलमोहोर, फार चांगलं लिहिलंत. स्कॉटलंडच्या प्रश्नाबद्दल मी लिहितो, आणि एका ठिकाणी तुमच्याशी असहमत आहे.

ब्रिटनला एकसंध लिखित राज्यघटना नाही. २०१२मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख अलेक्स सॅमंड यांनी एडिनबरोत करार केला, वेस्टमिन्स्टरने, म्हणजे ब्रिटनच्या संसदेने, सार्वमत घेण्याचा अधिकार तात्पुरता स्कॉटलंडला दिला आणि १८ सप्टेंबर २०१४ला मतदान झालं. स्पेनच्या १९७८च्या घटनेचं दुसरं कलम मात्र राष्ट्राची ‘अविभाज्य एकता’ सांगतं, आणि त्याच वाक्यात ‘राष्ट्रीयता आणि प्रदेश’ यांच्या स्वायत्ततेचा हक्कही देतं. त्या घटनेला कॅटलोनियात ९० टक्क्यांहून जास्त होकार मिळाला होता, हे विसरून चालणार नाही. ब्रिटनमध्येही हा दरवाजा कायमचा उघडा नाही. दुसऱ्या सार्वमताचा अधिकार स्कॉटिश संसदेला स्वतःहून नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये सांगितलं.

मला सगळ्यात शहाणा वाटतो तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९८चा, क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताविषयीचा निर्णय. एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला, तर वाटाघाटी करणं बाकी देशावर बंधनकारक आहे. असं काही माद्रिदने कधीच देऊ केलं नाही.

असहमती २०१०बद्दल. मी दोष न्यायाधीशांपेक्षा प्रक्रियेला देईन. आधी सार्वमत आणि नंतर घटनात्मक तपासणी, हा क्रमच घातक होता. स्वायत्ततेच्या कायद्यांची पूर्वतपासणी पुन्हा सुरू झाली ती २०१५मध्ये, सगळं हाताबाहेर गेल्यावर. आणि २०१७बद्दल: ४७ टक्क्यांवर नवा देश जाहीर करणाऱ्यांना कोणत्याही लोकशाही सरकारने रोखलंच असतं. रोखण्याची पद्धत वाईट होती, हे मान्य. पण ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात बँको साबादेलने नोंदणीकृत कार्यालय आलिकान्तेला आणि काइशाबँकने वालेन्सियाला हलवलं. पाठोपाठ हजारो कंपन्यांनी तेच केलं. ही भीती माद्रिदने निर्माण केलेली नव्हती.

उंबरठा:

दोघांचेही आभार. क्रम लावण्याचा मुद्दा पटला. आता घोषणेनंतरचं सांगा. चळवळ हरली म्हणावी, तर माद्रिदचं सरकार तिच्या हातात आलं कसं? आणि व्हॉक्ससारखा अतिउजवा पक्ष याच्यातून वाढला का?

नीलमोहोर:

मुक्तछंद, प्रक्रियेबद्दल तुमचं बरोबर आहे. फक्त ती प्रक्रिया वापरायची की नाही, हे पीपीच्या हातात होतं. त्यांनी एस्तातुतविरुद्ध देशभर सह्या गोळा केल्या, कारण बाकी स्पेनमध्ये त्यावर मतं मिळतात. ते मी माफ करू शकत नाही.

२७ ऑक्टोबर २०१७ला अर्ध्या रिकाम्या सभागृहात ७० मतांनी घोषणा झाली. सरकारी राजवाड्यावरचा स्पेनचा झेंडा उतरवलाही नाही. युरोपातल्या एकाही देशाने मान्यता दिली नाही. त्याच दिवशी स्पेनच्या सिनेटने घटनेचं कलम १५५ (प्रांताचा कारभार माद्रिदने हाती घेण्याची तरतूद) वापरायला मंजुरी दिली, राहॉय यांनी प्रांतिक सरकार बरखास्त करून २१ डिसेंबरला निवडणूक लावली. त्यात सर्वांत जास्त मतं कुणाला? सिउदादानोसला, म्हणजे स्वातंत्र्याच्या कट्टर विरोधकांना. बहुमत मात्र पुन्हा स्वातंत्र्यवाद्यांचं, ७० जागा, आणि मतं पुन्हा ४७ टक्क्यांच्या आसपास. इतकं होऊनही दोन्ही बाजूंची एक टक्का माणसंसुद्धा हलली नव्हती. त्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर राजकारण बोलायचं नाही, असं न सांगताच ठरून गेलं. घराघरांत नाताळचं जेवणही तसंच झालं.

व्हॉक्सबद्दल: हो. एकमेव कारण नाही, पण मोठं कारण. २०१७मध्ये संसदेत त्यांचा कुणी नव्हता. डिसेंबर २०१८मध्ये अंदालुसियात १२ जागा, एप्रिल २०१९मध्ये राष्ट्रीय संसदेत २४, नोव्हेंबरमध्ये ५२. त्या दोन निवडणुकांच्या मधे, १४ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने चळवळीच्या नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या होत्या. पुजदेमोन यांचे उपाध्यक्ष उरिओल जुंकेरास यांना १३. एल प्रात विमानतळ आंदोलकांनी अडवला, बार्सिलोनात रात्री कचऱ्याचे डबे जळत होते. ती दृश्यं स्पेनभर दिसत राहिली आणि मतं व्हॉक्सकडे गेली.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र जुर्दी कुश्यार्त आणि जुर्दी सान्चेस यांची. २०१७च्या त्या घटनांच्या वेळी हे दोघे मंत्री नव्हते, आमदार नव्हते. एक सांस्कृतिक संस्थेचा अध्यक्ष, दुसरा नागरी संघटनेचा. मुख्यतः एका जमावाच्या निदर्शनावरून राजद्रोहासाठी ९ वर्षं, आणि तीही जवळपास दोन वर्षं कच्च्या कैदेत काढल्यावर. स्वातंत्र्याच्या विरोधातल्या माझ्या मित्रमंडळींनाही ते पटलं नव्हतं.

माद्रिदच्या सत्तेचं गणित तसं सरळ आहे. जुना दोन मोठ्या पक्षांचा जमाना संपला, त्यामुळे छोट्या गटांशिवाय बहुमत होत नाही. जून २०१८मध्ये राहॉय पडले ते भ्रष्टाचाराच्या खटल्यावरून, पण पाडणाऱ्या मतांत कॅटलान पक्ष होते. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याच पक्षांनी अंदाजपत्रक नाकारून सान्चेझना निवडणुकीला लावलं. मग जून २०२१मध्ये कैद्यांना माफी, पुढे राजद्रोहाचं कलमच रद्द. जुलै २०२३मध्ये पीपी पहिला आला, पण त्याच्यासोबत व्हॉक्स आहे म्हणून बाकी कुणी जाईना. पुजदेमोन यांच्या जुन्त्स पक्षाच्या ७ जागा निर्णायक ठरल्या आणि त्यांची किंमत होती सार्वत्रिक माफीचा कायदा. ३० मे २०२४ला तो १७७ विरुद्ध १७२ने मंजूर झाला. निवडणुकीआधी सान्चेझ अशी माफी घटनेत बसत नाही म्हणत होते, म्हणून माद्रिदमध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा राग मला समजतो. तरीही कायदा झाला हे चांगलं झालं असं मी मानते, कारण लाठीमार करणारे काही पोलीसही त्यात सुटले आणि शाळेची दारं उघडणारी साधी माणसंही.

माफीच्या कायद्याआधी जेमतेम अडीच आठवडे, १२ मे २०२४ला, इथे प्रांतिक निवडणूक झाली आणि स्वातंत्र्यवाद्यांचं बहुमत गेलं. सान्चेझ यांच्या बाजूच्या समाजवाद्यांना ४२ जागा मिळाल्या, साल्वादोर इल्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष झाले. तुरुंगाने चळवळ थकली नाही. तणाव ओसरला, तशी ती आतून विस्कटली. जुंकेरास यांचा पक्ष आणि जुन्त्स एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत.

आणि एक नवीन काळजी आहे. रिपोल्य या छोट्या गावात २०२३मध्ये सिल्व्हिया उरिओल्स महापौर झाल्या. आलियान्सा कातालाना हा त्यांचा पक्ष स्वातंत्र्यवादीही आहे आणि मुस्लिम स्थलांतरितांच्या उघड विरोधातही. ऑगस्ट २०१७चा बार्सिलोनातला दहशतवादी हल्ला करणाऱ्यांपैकी बरीच मुलं त्याच गावात वाढलेली, तो धागा तिथे आहे. २०२४मध्ये त्यांना प्रांतिक संसदेत २ जागा मिळाल्या. २०१७ची चळवळ सर्वांना सामावून घेण्याची भाषा करत होती, मोर्च्यांत मी माझ्या मुलीला घेऊन निर्धास्त जात होते. आता त्याच चांदणीच्या झेंड्याखाली माझ्यासारख्या रंगाच्या माणसांना नको म्हणणारेही उभे आहेत.

पुजदेमोन यांचं प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही. घटनात्मक न्यायालयाने जून २०२५मध्ये माफीचा कायदा उचलून धरला, पण सरकारी पैसा सार्वमतावर खर्च केल्याच्या आरोपाला ती माफी लागू नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये घेतली आणि तिथेच घोडं अडलं. त्यावर मुक्तछंद यांनी लिहावं, कायद्याची ती बाजू त्यांना माझ्यापेक्षा नीट सांगता येईल.