तोरणमाळच्या वाटांसाठी पुढचा फोर्क: ट्रॅव्हल वाढवावा का?

शहाद्याचा सायकलस्वार
नमस्कार. मी बहुतेक रविवारी तोरणमाळच्या बाजूला सायकल घेऊन जातो. घाटातला डांबरी रस्ता सोडून पाड्यांकडे जाणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटांनी उतरताना माझा १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबू शकणारा) स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, दबल्यानंतर इतक्या जोराने उसळतो, की पुढचे चाक वाट सोडते. माझे वजन ८४ किलो आहे, चाके साडेसत्तावीस इंची आहेत. प्रीलोडची गुंडी पूर्ण आवळूनही उसळणे थांबले नाही. १४० मिमीचा फोर्क बसवल्यास उपयोग होईल का?

लळिंगची चढण
आपली अडचण ट्रॅव्हलची नसून डॅम्पिंगची आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि जवळपास तेवढ्याच जोराने परत करते. त्या परतीला आवर घालण्याचे काम डॅम्परमधले तेल करते, कारण ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. स्वस्त फोर्कमध्ये हा डॅम्पर नसतो, किंवा नावापुरता असतो. प्रीलोड स्प्रिंगला आधीच थोडे दाबून ठेवतो, तिचा कडकपणा मात्र तोच राहतो, म्हणून गुंडी आवळून उसळणे थांबले नाही. नवा फोर्क पाहताना त्याला रिबाउंडची (फोर्कच्या परतीचा वेग ठरवणारी) गुंडी आहे का, हे सर्वांत आधी विचारावे. केवळ लॉकआउट (फोर्क न दबता ताठ ठेवण्याची सोय) असणे म्हणजे डॅम्पिंग चांगले असणे नव्हे.

१४० मिमीचा विचार कृपया सोडावा. पुढचा भाग २० मिमीने उंचावला की हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी असलेला कोन) साधारण एक अंशाने कमी होतो. ४० मिमी वाढवल्यास चढणीवर पुढचे चाक भरकटेल आणि फ्रेमच्या सांध्यावर तिच्या बांधणीत न धरलेला ताण येईल. फ्रेमच्या उत्पादकाने परवानगी दिली असेल, तरच १२० मिमीपर्यंत जावे.

जळगावचा दुरुस्तीवाला
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु पैसे देण्यापूर्वी फोर्क उतरवून त्याची स्टिअरर नळी (हँडलकडे जाणारी वरची नळी) मोजा. ती वरपासून खालपर्यंत २८.६ मिमीची सरळ आहे, की खाली दीड इंचापर्यंत रुंदावते? आज चांगले फोर्क बहुतेक रुंदावणाऱ्या नळीचे येतात आणि ते जुन्या, सरळ नळीसाठी केलेल्या अरुंद हेडट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या नळीत) बसत नाहीत. हबचा (चाकाच्या तुंब्याचा) आस ९ मिमीचा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा) असेल आणि फोर्क १५ मिमीच्या (आरपार जाणाऱ्या जाड आसाच्या) थ्रू अ‍ॅक्सलचा आणला, तर हब बदलावा लागेल, कधी संपूर्ण चाकही. वापरलेला फोर्क घेत असाल, तर त्याची नळी आधीच्या मालकाने आखूड कापलेली नाही ना, हे पाहावे.

८४ किलोंसाठी मी हवेचा फोर्क सुचवीन, कारण त्यात वजनाप्रमाणे दाब ठरवता येतो. हेल्मेट, पाणी, पिशवी यांसह सायकलवर बसल्यावर १०० मिमीपैकी सुमारे २० मिमी दबला पाहिजे. हवा शॉक पंपानेच (फोर्कसाठीच्या हातपंपानेच) भरावी. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नये, कारण फोर्कमधली पोकळी इतकी लहान असते की क्षणात दाब मर्यादेपलीकडे जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही हिशेब ठेवावा: २० अंशांना भरलेली ९० पीएसआय हवा ४५ अंशांना सुमारे ९९ होते, म्हणून हिवाळ्यात ठरवलेला दाब मे महिन्यात पुन्हा तपासावा.

शहाद्याचा सायकलस्वार
आज मोजले. नळी सरळ आहे, आस ९ मिमीचा क्विक रिलीज आहे आणि ब्रेक डिस्कचे आहेत. म्हणजे सरळ नळीचा, रिबाउंडची गुंडी असलेला, १०० मिमीचा हवेचा फोर्क शोधायचा, हे बरोबर ना? आणि रिबाउंड किती ठेवावा?

जळगावचा दुरुस्तीवाला
अगदी बरोबर, नळीची लांबी आणि डिस्कची जागा तेवढी जुळवून घ्या. रिबाउंड मधोमध ठेवून सुरुवात करा. चाक उसळले तर एकेक क्लिक मंद करा. सलग दगडांवर फोर्क वर येण्याआधीच पुढचा धक्का बसून तो खाली खाली बसत गेला, तर एक क्लिक मागे या. काळ्या मातीच्या चिखलातून आल्यावर नळ्या ओल्या फडक्याने पुसाव्यात, सील्सवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, आणि साधारण ५० तास चालवल्यावर फोर्कचे खालचे पाय (बाहेरच्या नळ्या) उघडून तेल बदलून घ्यावे.