मोटर सिम्युलेशनमध्ये वाइंडिंग ३५० अंशांवर जातंय, लॉस (उष्णतेत वाया जाणारी पॉवर) कसे भरायचे? (तातडीने मदत हवी)

रोटर_भोसरी: सिमस्केपमध्ये (मॅटलॅबसोबतचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) मोटरचं मॉडेल केलंय. थर्मल पोर्ट (मॉडेलमध्ये उष्णतेचा हिशोब) चालू केला की २० मिनिटांत वाइंडिंग साडेतीनशे अंशांवर. खरी मोटर बेंचवर तासभर चालवली तरी बॉडीला हात लावता येतो. डॅम्पिंग (फिरण्यातलं घर्षण), कोअर लॉस (लोखंडातला लॉस), थर्मल मास (एक अंश तापायला लागणारी उष्णता) सगळं भरलंय. सोमवारी रिव्ह्यू आहे. कुठला आकडा बदलू?

कूलंट: मोटर कुठली, किती किलोवॉटची, गार कशाने होते? काहीच दिलं नाही तर सांगणार काय?

पॅनेलवाले काका: ड्राइव्हमध्ये थर्मल ओव्हरलोड सेट करून घ्या. मोटरच्या नेमप्लेटचा करंट टाका. आमच्याकडे त्याने बऱ्याच मोटर वाचल्या.

रोटर_भोसरी: काका, खरी मोटर ठीक आहे, मॉडेल तापतंय. पीएमएसएम (रोटरवर कायमचे मॅग्नेट असलेली सिंक्रोनस मोटर), ३ किलोवॉट, ३००० आरपीएम, पंखा नाही. तांबं १.१ किलो, म्हणून थर्मल मास ४२४ जूल प्रति केल्व्हिन. थर्मल रेझिस्टन्स (दर वॉटमागे किती अंश वाढ) १.३, डेटाशीटमधून. तांब्याचा लॉस १०० वॉट, नो-लोड लॉस (लोड न देता फिरवताना) ९०.

कूलंट: ते ९० कुठे भरले?

रोटर_भोसरी: कोअर लॉसमध्ये. डॅम्पिंगही त्यावरूनच काढलं: ९० भागिले ३१४ (३००० आरपीएम, रेडियन प्रति सेकंदात) चा वर्ग, म्हणजे ०.०००९१.

कूलंट: मग तेच ९० वॉट दोनदा मोजले गेले. नो-लोडच्या पॉवरमध्ये लोखंडाचा लॉस आणि घर्षण दोन्ही असतात, ते वाटून टाकायचे. आत्ता तुमचे १०० अधिक दोनदा ९०, असे २८० वॉट गुणिले १.३ म्हणजे ३६४ अंशांची वाढ. टाइम कॉन्स्टंट (तापमान किती वेगाने चढतं ते, ४२४ गुणिले १.३ सेकंद) जेमतेम ९ मिनिटं, म्हणून २० मिनिटांत तिथवर पोचतंय. स्टेटरचं लोखंड मॉडेलमध्ये वेगळ्या नोडवर (स्वतंत्र तापमानाच्या बिंदूवर) घ्या, किलोला साधारण ४५० जूल. त्याने चढ हळू होईल, शेवटचं तापमान मात्र तेच राहील.

सांगलीचा_फिटर: वाटायला कोस्ट-डाउन करा. सप्लाय तोडा, वेग कसा उतरतो ते नोंदवा, रोटरचा इनर्शिया (जडत्व) माहीत असला की घर्षण मिळतं. मी कायम असंच करतो.

कूलंट: इंडक्शन मोटरला चालतं. इथे रोटरवर मॅग्नेट आहेत, सप्लाय तोडला तरी स्टेटरच्या लोखंडात लॉस होतच राहतो. त्या उतरणीत दोन्ही मिसळलेले असतात. मॅग्नेटाइझ न केलेला रोटर घालून फिरवलं तरच घर्षण वेगळं निघतं.

सांगलीचा_फिटर: असा रोटर कोण देतो? कागदावरच्या गोष्टी आहेत या.

रोटर_भोसरी: आमच्याकडे नाहीच.

कूलंट: मग बेअरिंगवरून अंदाज घ्या. घर्षणाचा टॉर्क म्हणजे ०.५ गुणिले ०.००१५ (घर्षणाचा गुणांक) गुणिले लोड गुणिले बोअर (बेअरिंगच्या आतल्या भोकाचा व्यास). ६२०५ नंबरच्या बेअरिंगवर (बोअर २५ मिमी) २०० न्यूटन धरले तर दोन बेअरिंगचे ३००० आरपीएमला जेमतेम अडीच वॉट. रबर सील असेल तर जास्त. तरी ९० मधला मोठा भाग लोखंडाचाच.

आर्मेचर_नाशिक: दुरुस्त करूनही १९० गुणिले १.३, म्हणजे २४७ अंशांची वाढ. ते १.३ बघा. मोटर बेंचवर कशाला बोल्ट केली आहे?

रोटर_भोसरी: जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटला.

आर्मेचर_नाशिक: डेटाशीटचा आकडा मोकळ्या मोटरचा असेल तर इथे लागू नाही, निम्मी उष्णता प्लेटमधून जात असेल. खरं तापमान रेझिस्टन्सवरून काढा. मिलीओहममीटर लागेल, साध्या मल्टीमीटरने जमणार नाही. गार असताना २५ अंशांना दोन फेजमध्ये ०.०८० ओहम आणि गरम झाल्यावर ०.१०० आला तर १.२५ गुणिले २५९.५, वजा २३४.५ (२३४.५ हा तांब्याचा ठरलेला आकडा, त्यात २५ मिळवले की २५९.५). म्हणजे ९० अंश.

पॅनेलवाले काका: पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) का नाही लावत? वाइंडिंगच्या एंडला बांधायचा.

रोटर_भोसरी: वार्निश झालेली आहे काका, आता आत जाता येत नाही. आज मिलीओहममीटर मिळाला. मोटर थांबवून पाच मिनिटांनी ०.०९४ आला. हेच धरू?

आर्मेचर_नाशिक: नको. तेवढ्या वेळात वाइंडिंगची उष्णता लोखंडात उतरते. थांबल्या थांबल्या पहिलं रीडिंग घ्या, मग ठरावीक अंतराने पुढची घेत चला. त्यांची रेषा शून्य सेकंदापर्यंत मागे ओढा आणि तिथला रेझिस्टन्स वरच्या हिशोबात ०.१०० च्या जागी टाका.