रसद सांभाळणारा अधिकारी जनरल होऊ शकतो का? भाचीसाठी विचारतेय

दापोलीची_मावशी:
नमस्कार मंडळी. माझी भाची बारावी कॉमर्सला आहे, तिच्या डोक्यात आर्मीच बसलीय आणि तीही सप्लायवाली ब्रँच. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेची रसद सांभाळणाऱ्या पॅगोनिस नावाच्या जनरलबद्दल तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. घरचे म्हणतात फौजेत जाऊन तांदूळच मोजायचे तर इथे रेशन दुकान काय वाईट. मला हे बोलणं अजिबात आवडलं नाही. कोणी नीट सांगेल का, या माणसाने नेमकं काय केलं आणि आपल्याकडे अशी वाट आहे का?

बंदरावरचा:
ताई, भाचीने माणूस एकदम योग्य निवडलाय. विल्यम पॅगोनिस, सगळे गस म्हणायचे. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, ग्रीक वंशाचं घर, कॉलेजात आरओटीसी, म्हणजे शिकता शिकता अधिकारी व्हायचं ट्रेनिंग, करून १९६४ ला अधिकारी झाले. व्हिएतनाममध्ये नदीतल्या बोटींवर होते आणि तिथे सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं, म्हणजे गोदामात बसून राहिलेला माणूस नाही हा. ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला आणि सैन्य उतरायला लागलं तेव्हाच हे सौदीत पोचले. मग पाच लाखांवर माणसांचं खाणंपिणं, तंबू, पेट्रोल, दारूगोळा सगळं यांच्या गळ्यात. स्वतःचे ट्रक पुरेनात म्हणून तिथलेच ट्रक, बसेस आणि ड्रायव्हर भाड्याने घेतले. एकूण १२ कोटींवर जेवणं दिली गेली. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते शेवटचं काम, जमिनीवरची लढाई सुरू व्हायच्या आधी दोन अख्ख्या कोअर, म्हणजे सैन्याच्या प्रचंड मोठ्या तुकड्या, वाळवंटातून पश्चिमेला न्यायच्या होत्या, तेही इराकला पत्ता न लागता, आणि त्यांच्यासाठी पुढे पेट्रोल-दारूगोळ्याचे साठे तयार ठेवायचे. ते झालं म्हणून लढाई १०० तासांत आटपली. त्या धामधुमीतच तिसरा स्टार मिळाला, म्हणजे लेफ्टनंट जनरल झाले. रोजची मीटिंग सगळ्यांनी उभ्यानेच, म्हणजे कोणी पाल्हाळ लावत नाही. आणि लढाई संपल्यावर बाकीचे घरी गेले तरी हे थांबले, सगळं सामान परत पाठवायला. १९९३ ला रिटायर होऊन सीअर्स या अमेरिकन दुकानांच्या कंपनीत लॉजिस्टिक्सचे, म्हणजे मालाच्या ने-आणीचे, प्रमुख झाले.

खेडचा_फौजी:
ताई मी एएससीत ड्रायव्हर होतो, आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे सैन्याची रसद पोचवणारी शाखा, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही. तांदूळ मोजणं म्हणणाऱ्यांना एकदा लडाखच्या वाटेवरच्या झोजीला घाटात न्या. आपण कोकणात पाऊस लागायच्या आधी आगोट भरतो ना, तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण, तसंच लडाखचं आहे, फक्त तिथे थंडीत बर्फाने रस्ते बंद होतात आणि भरायचं असतं हजारो जवानांसाठी. पहाटे सोनमर्गला कॉन्व्हॉय लागायचा, चाकांना साखळ्या, टाकीतलं डिझेल गोठलेलं, खाली शेक द्यायचा तेव्हा कुठे गाडी खोकत खोकत सुरू व्हायची. घाटात वन-वे टायमिंग, वेळ चुकली की दिवस गेला. केरोसीन कमी पोचलं तर वरच्या पोस्टवर बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, पेटत नाही, आणि बुखारी नाही म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळतं. २०२० ला गलवानमधल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर लडाखमध्ये सुमारे ५० हजार जवान हिवाळाभर राहिले, ते याच लोकांच्या जिवावर. या सगळ्याचा हिशेब ज्याच्या डोक्यात असतो तो साहेब मोठाच असतो. आमच्या कोअरचा सगळ्यात वरचा अधिकारी लेफ्टनंट जनरलच असतो, डीजीएसटी म्हणतात, डायरेक्टर जनरल सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट. फक्त बंदुका, दारूगोळा, कपडे हे आमच्याकडे नाही हां, ते ऑर्डनन्स नावाच्या वेगळ्या कोअरचं.

मालवणचो_पोरगो:
फौजीकाकांना सलाम. आमचा सिंधुदुर्ग किल्लाच बघा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या विहिरी. पाणी नसतं तर एवढी तटबंदी बांधून काय उपयोग होता? महाराजांनी रसदीला कधीच दुय्यम मानलं नाही.

दापोलीची_मावशी:
काका, वाचून दाखवलं तिला, दोनदा वाचायला लावलं. आता विचारतेय की कॉमर्स चालेल का आणि थेट एएससीत जाता येतं का?

खेडचा_फौजी:
एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिच्या आर्मी विंगला बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळतोय. थेट एएससी नाही मिळत, ट्रेनिंगच्या शेवटी आवड, मेरिट आणि जागा बघून कोअर ठरते. तेव्हा मेरिट वर ठेवायचं. परीक्षा वर्षातून दोनदा, ९०० मार्क, त्यातले ३०० गणिताचे, म्हणजे कॉमर्सला गणित सोडलं असेल तर आजच क्लास लावा. त्यानंतर एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत आणि चाचण्या, तेही ९०० चं, आणि तिथे "एएससीच का" हे विचारलं तर पॅगोनिसचं नाव घेऊन थांबू नको म्हणावं, लडाखचा नकाशा समोर ठेवून कुठला रस्ता कधी बंद होतो ते पाठ कर. दिवाळीत घेऊन या तिला खेडला, माझ्याकडे जुना नकाशा आहे.