विरघळणाऱ्या धाग्यांचा फेसलिफ्ट, हायफू की फिलर? तीन डॉक्टर, तीन सल्ले, काय करू सांगा

साडीवाली_महाद्वार

नमस्कार सगळ्यांना. वय ४७, महाद्वार रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे. दीड वर्षामागं शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, मी मनावरच घेतलं, रोज पहाटे रंकाळ्याची फेरी, रात्रीचा भात बंद, साखर बंद, आणि १४ किलो उतरवलं. शुगर आटोक्यात आली, गुडघे हलके झाले, पण चेहरा पार उतरला. गाल आत गेलेत, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत खोल रेघ पडलीय आणि जबड्याच्या कडेला दोन्हीकडं कातडी लोंबायला लागलीय. दुकानात भिंतभर आरसा आहे, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकून दाखवताना माझंच तोंड मला दिसतंय, आणि रोज कोण ना कोण विचारतंयच, वहिनी, बरं नव्हतं काय? मी एवढी मेहनत करून बरी झाले आणि लोकांना मी आजारी वाटते, हे मनाला लई लागतंय.

ऑपरेशन करायचं नाही हे नक्की. म्हणून तीन ठिकाणी दाखवून आले. राजारामपुरीत म्हणाले पीडीओचे कॉग धागे, म्हणजे बारीक काटे असलेले विरघळणारे धागे, घाला, एका बाजूला ४ असे ८, ६४ हजार. ताराबाई पार्कात म्हणाले धागे नको, हायफू करा, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या मशीननं कातडीखाली उष्णता देतात, एक सिटिंग २८ हजार. पुण्याला बहिणीकडं गेले होते तिथं म्हणाले पीएलएलएचे, म्हणजे जास्त दिवस टिकणारे धागे, आणि वर फिलर, म्हणजे सुईनं टोचून घालायचा भराव, १ लाख ४० हजार. तिघंही आपापल्या जागी बरोबरच वाटले. वैशाखात पुतण्याचं लग्न आहे, त्याआधी चैत्रात जोतिबा, आमच्या घरची सासनकाठी असते त्यामुळं जायलाच लागतं. दाढेचं इम्प्लांटचं कामही अर्धं राहिलंय. रोज एक इकोस्प्रिन, रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे. कुणी स्वतः केलं असेल तर खरं खरं सांगा, पैसे कष्टाचे आहेत.

रंकाळा_वॉकर

ताई, १४ किलो म्हणजे खायचं काम नाही, आधी त्याबद्दल मनापासून अभिनंदन. माझं मत विचाराल तर कशातच पडू नका, लोक चार दिवस विचारतील आणि गप्प बसतील. माझ्या बायकोचंही वजन उतरलं तेव्हा असंच झालेलं, सहा-आठ महिन्यांनी चेहरा जरा भरला. थोडा वेळ द्या.

साडीवाली_महाद्वार

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण वजन थांबून आता आठ महिने झालेत, त्यात चेहरा भरला नाही. आणि हे लोकांसाठी नाही हो. सकाळी कुंकू लावताना आरशात जी बाई दिसते ती मला माझी वाटत नाही, एवढंच आहे.

इचलकरंजीची_लेक

मी केलंय ताई, दोन वर्षं झाली, पीडीओ कॉग, ८ धागे, कोल्हापुरातच. सगळं सांगते, लांबेल पण वाचा.

आधी तोंडावर पेनानं रेघा मारतात, बसवून, झोपवून नाही. मग कपाळाच्या कडेला केसांच्या जवळ भुलीचं इंजेक्शन, ते दुखतं, तेवढंच खरं दुखणं. मग तिथनं जाड सुई आत सरकवतात आणि ती खाली जबड्याकडं जाते, दुखत नाही पण आवाज येतो, कानाच्या अगदी जवळ करर् करर्, जाड कापडातनं दाभण जावं तसा, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी टेबलची कड घट्ट धरून बसले होते. सुई बाहेर काढली की धागा आत राहतो, त्याला बारीक काटे असतात ते आत अडकतात, मग डॉक्टर वरनं ओढतात आणि उरलेला धागा कातडीजवळ कापतात. पाऊण तासात मोकळी.

घरी आल्यावर उजवा गाल सुजलेला, चौथ्या दिवशी निळा-पिवळा. डाव्या गालाला एक खळगा पडलेला, हसलं की कातडी आत ओढल्यासारखी. मी रडले, खोटं कशाला सांगू. सातव्या दिवशी डॉक्टरांनी बोटांनी दाबून थोडा सोडवला, बाकीचा तीन आठवड्यांत आपोआप गेला. पंधरा दिवस उताणं झोपायचं, उशी उंच, कुशीवर वळायचं नाही. मी तर दोन्हीकडनं लोड लावून झोपत होते. आणि तोंड मोठं उघडायचं नाही, म्हणजे भाकरी बंद, मटण बंद, मऊ भात आणि आमटी. जांभई आली तरी हनुवटीखाली हात धरायचा.

आता फरक. पहिले चार-पाच महिने जबड्याची रेघ खरंच छान दिसत होती, माझी जाऊ म्हणाली तू सुट्टीला जाऊन आल्यासारखी दिसतीस. नवव्या महिन्यापासनं उतरायला लागलं आणि वर्षानं जवळजवळ पहिल्यासारखं. खोल रेघा मात्र पहिल्या दिवसापासनं तशाच होत्या, त्या धाग्यानं गेल्याच नाहीत. मला परत करायचं का विचाराल तर मी अजून ठरवलेलं नाही.

डॉ_सांगलीमिरज

मी प्लास्टिक सर्जन आहे, धागेही घालतो, फेसलिफ्टही करतो. चेहरा न बघता सल्ला देणं बरोबर नाही, पण तिन्ही गोष्टी काय काम करतात एवढं सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारता येईल.

तुमचं दुकान साड्यांचं आहे म्हणून तसंच सांगतो. धागा म्हणजे टाचणी. पदर खांद्यावर टाचणीनं धरता येतो, निऱ्या वर उचलता येतात, पण टाचणीनं कापड कमी होत नाही आणि विरलेलं कापड जाडही होत नाही. वजन उतरल्यावर तीन गोष्टी एकदम होतात. गालातली चरबी जाते म्हणजे भराव कमी होतो, कातडी जास्तीची उरते, आणि उरलेलं सगळं खाली सरकतं. धागा फक्त या सरकलेल्या भागाला थोडं वर धरतो. फिलर भराव देतं. जास्तीची कातडी फक्त कापूनच कमी होते, तिथं दुसरा उपाय नाही. म्हणून इचलकरंजीच्या ताईंची जबड्याची रेघ सुधारली आणि खोल रेघा तशाच राहिल्या.

आता धाग्यांचे प्रकार. पीडीओ म्हणजे पॉलीडायऑक्सॅनोन, हे आम्ही ऑपरेशनमध्ये टाके घालायला गेली ४० वर्षं वापरतोय, शरीरातल्या पाण्यानं हळूहळू तुटत साधारण सहा ते आठ महिन्यांत विरघळतं. पीएलएलए दीड-दोन वर्षं टिकतं, याच्यावर काट्यांऐवजी बारीक शंकू असलेला एक प्रकार येतो, त्याला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१५ साली गालासाठी मान्यता दिली. पीसीएल हा तिसरा प्रकार सगळ्यात सावकाश विरघळतो. धागा विरघळायला लागणारा काळ आणि तोंडावर दिसणारा फरक टिकायचा काळ ही मात्र दोन वेगळी गणितं आहेत. धागा आत असतानाच त्याच्या काट्यांची पकड सैल होऊ शकते, कारण आपण दिवसभर बोलतो, चावतो, हसतो. धाग्याभोवती थोडं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार होतं हे खरं, पण कुणी तुम्हाला पाच वर्षांचा वायदा देत असेल तर तिथनं उठून या. बहुतेक लोकांचा उचललेला भाग वर्षभरात बराच खाली येतो. साधे मोनो धागे तर काही उचलतच नाहीत, त्यांना काटेच नसतात, ते कातडीचा पोत सुधारायला. त्यामुळं कोटेशनवर धाग्यांचा आकडा बघण्याआधी त्यातले कॉग किती आणि मोनो किती हे विचारा. ४० धागे ऐकायला लई वाटतात पण सगळे मोनो असले तर जबडा जागचा हलणार नाही.

हायफूबद्दल. अल्ट्रासाउंडची उष्णता कातडीखाली एका बिंदूवर गोळा करतात, ४.५ मिलिमीटरचं टोक स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत जातं, ३ आणि १.५ चं त्याच्या वर. २००९ मध्ये अशा मशीनला भुवई उचलायला पहिल्यांदा एफडीएची मान्यता मिळाली. फरक हळूहळू दिसतो, दोन-तीन महिने लागतात, आणि तो सौम्य असतो. तुमच्या बाबतीत माझी एकच भीती आहे. आधीच चरबी गेलेल्या गालावर खोल उष्णता दिली तर आणखी चरबी जाऊन गाल जास्त बसू शकतो. ज्यांचा चेहरा भरलेला आणि जबडा जड आहे त्यांना हायफू बरं. तुम्हाला सुचवलं असेल तर गालाला कुठलं टोक लावणार हे विचारा.

फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अॅसिड. त्याची मोठी जमेची बाजू ही की बिघडलं तर हायल्युरोनिडेज टोचून विरघळवता येतं. धाग्याला असं औषध नाही, काढायचा तर ओढून किंवा छेद देऊन काढावा लागतो. पण फिलर निरुपद्रवी समजू नका. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडू शकते, क्वचित नजरही जाते. म्हणून हायल्युरोनिडेज त्याच खोलीत तयार ठेवलेलं आहे का, हे टोचून घेण्याआधी विचारायचं.

आता घरी एक गोष्ट करून बघा. उजेडात बसून आरसा समोर धरा, मग पाठीवर झोपून तोच आरसा तोंडावर धरा. झोपल्यावर गालाची आणि जबड्याची लोंबलेली कड मागं जाऊन चेहरा बरा वाटला तर तुमच्यात घसरण जास्त. झोपल्यावरही खळगे तसेच दिसले तर भराव गेलेला आहे, तिथं नुसत्या धाग्यावर ६४ हजार घालून तुमचं समाधान व्हायचं नाही. मग कानाच्या पुढं दोन बोटांनी कातडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर-मागं सरकवा. धाग्यानं साधारण तेवढंच मिळतं. तेवढ्यावर तुम्ही खूश असाल तर करा. मूठभर ओढल्यावरच बरं वाटत असेल तर ते काम धाग्याचं नव्हे.

शेवटी तुमच्या तीन गोष्टी. दाढेचं काम आधी संपवा, धागे घातल्यावर दोन-तीन आठवडे तरी डेंटिस्टकडं आ करून बसता येत नाही आणि दातातला संसर्ग असताना धागे घालूच नयेत. इकोस्प्रिन आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा, ती हृदयासाठी असेल तर थोडी निळी सूज परवडली. आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची रक्ततपासणी, ताजी करून घ्या, साखर वर असली तर जखम भरत नाही आणि धाग्याला पू होतो.

पुण्याची_कोल्हापुरी

डॉक्टरांनी पू म्हणलं म्हणून लिहिते. माझ्या मावसबहिणीनं गेल्या वर्षी एका पार्लरमध्ये धागे घातले, कुठल्या ते लिहीत नाही. बाहेरनं कोण बाई आली होती, कोर्स केलेली, महिन्यातनं एकदा येते, १८ हजारात दोन्ही गाल. पाकीट समोर फोडलं नाही, बिलावर धाग्याचं नाव नाही, काहीच नाही. बाराव्या दिवशी कानाजवळ फोड आल्यासारखं झालं, तिला वाटलं पुटकुळी, तिनं नखानं दाबलं तर आतनं पांढरा धागा केसासारखा बाहेर आला. पार्लरवाल्यांनी फोन उचलणं सोडलं. मग दुसऱ्या डॉक्टरांकडं जाऊन दोन धागे काढले, तीन आठवडे अँटीबायोटिक, आणि त्या जागी अजून तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग आहे. त्या पोरीनं सहा महिने दुपट्टा बांधून गाडी चालवली, ऊन असो नसो. पैसे वाचवायला गेली नव्हती हो ती, तिला माहितीच नव्हतं की हे डॉक्टरचं काम आहे.

त्यामुळं ताई, स्किनचे एमडी किंवा प्लास्टिक सर्जन, मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघून, आणि पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. पाकिटावर कंपनी, लॉट नंबर, एक्सपायरी असते, त्याचा स्टिकर तुमच्या फाईलला चिकटवून घ्या. लाजू नका मागायला.

इचलकरंजीची_लेक

हो, माझ्या फाईलला स्टिकर आहे, दोन्ही बाजूंचा वेगळा. आणि ताई, जोतिबाचं लक्षात ठेवा. चैत्र पौर्णिमेला डोंगरावर किती गुलाल उधळतात तुम्हाला सांगायला नको, नाकातोंडात जातो, रात्री घासून घासून धुवावा लागतो. ताज्या टोचलेल्या जागेत गुलाल आणि वर चोळाचोळ अजिबात नको. एकतर यात्रा करून या आणि मग घाला, पण मग लग्नाला सूज राहील. नाहीतर यात्रेच्या दीड-दोन महिने आधीच आटपा.

साडीवाली_महाद्वार

काल रात्री दुकान बंद केल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. आधी बसून, मग दुकानातल्या गादीवरच उताणी झोपून आरसा धरला. जबड्याची कड मागं गेली, ते बरं वाटलं, पण गालाचे खळगे हलले नाहीत. डोळ्याखालनं गालाच्या मध्यापर्यंत सावली तशीच. लेकीला बोलावून दाखवलं, तीही म्हणाली आई, इथं भरायला पाहिजे, ओढायला नको. अर्धा सेंटिमीटर सरकवून पाहिलं तेव्हा मात्र जबडा छान दिसला, तेवढं मला पुरेसं आहे.

म्हणून असं ठरवतेय. या महिन्यात दाढ पुरी करायची, एचबीए१सी करायची, इकोस्प्रिनचं आमच्या डॉक्टरांना विचारायचं. मग गालाला फिलर थोडंसं, एकदम नाही, बघून बघून. ते लग्नाआधी बसेल. धागे लग्नानंतर, आषाढात दुकान जरा थंड असतं तेव्हा, पंधरा दिवस सूनबाई गादी सांभाळेल. पुण्याच्या डॉक्टरांनी धागे आणि फिलर एकदम करू म्हणलं होतं, त्यांना विचारते की दोन टप्प्यांत का नाही. हायफू सोडलं.

डॉक्टर, तुमचे लई उपकार, एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. एकच विचारायचं राहिलं, फिलर आणि धाग्यात किती दिवस ठेवायचे?

डॉ_सांगलीमिरज

आधी फिलर केलंत तर निदान तीन-चार आठवडे जाऊ द्या, सूज पूर्ण उतरली की गाल नेमका किती भरला ते दिसतं. तुमच्या बाबतीत लग्नामुळं त्याहून जास्त अंतर पडणारच आहे, ते चांगलंच. कदाचित तेव्हा ८ ऐवजी ४ धाग्यांतच भागेल, मोजून घ्या.

साडीवाली_महाद्वार

बरं. इचलकरंजीच्या ताई, उताणं झोपायला नुसते लोड पुरले का मानेखाली ती गोल उशी घेतली होती?

इचलकरंजीची_लेक

दोन्ही. प्रवासाची गोल उशी, लक्ष्मीपुरीत मिळाली, साडेतीनशेला. माझ्याकडं पडूनच आहे, कोल्हापूरला आले की दुकानात आणून देते.