दहावीनंतर प्रिंटिंगचा डिप्लोमा, लेकीला पाठवावं का?

कोयनाकाठ (कराड)
नमस्कार सगळ्यांना. लेक यंदा दहावी झाली, ८४ टक्के आहेत, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड. चित्र छान काढते पण नुसती चित्रं काढत बसणारी नाही, मिक्सर बंद पडला की खोलून बघणार, ह्यांच्या दुकानातल्या मशीनचा पट्टा तुटला की स्वतः बदलणार, अशी आहे. आमचं छोटं दुकान आहे, स्क्रीन प्रिंटिंग आणि एक जुनी मिनी ऑफसेट, लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड हे काम. लहानपणी ती कागदाच्या गठ्ठ्यावरच झोपायची. आता पॉलिटेक्निकच्या ब्रँचेसची यादी बघून म्हणते मला प्रिंटिंग टेक्नॉलॉजीच करायचंय, मुंबईला जे. जे. च्या आवारात शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्था आहे तिथे.

ह्यांचा पक्का विरोध. पूर्वी तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे रात्री दोनपर्यंत मशीन चालायची, आता पत्रिका मोबाईलवर जाते, लोक पन्नास छापतात देवापुढे ठेवायला आणि मामा-आत्याला द्यायला. बिलबुकं पण कंप्युटरवर गेली. हे म्हणतात जो धंदा मी माझ्या डोळ्यांनी बसताना बघितला त्यात पोरीला कशाला ढकलू. दीर म्हणतात कंप्युटर नाहीतर एआय घ्या, डोळे झाकून. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम, भरायला थोडेच दिवस उरलेत. या लाईनमध्ये असलेल्या कुणी खरं काय ते सांगा, चांगलं वाईट दोन्ही. मुलींना मशीनवर काम देतात का हेही.

शाईवाला (वसई)
ताई, मी त्याच ब्रँचचा. २०१० ला बाहेर पडलो, आज औषधांची खोकी छापणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन बघतो. दादांचं म्हणणं खोटं नाही, पत्रिका आणि बिलबुक गेलंच, ते परत येणार नाही. पण छपाई संपली नाही हो, ती दुसरीकडे जाऊन बसलीये. आत्ता स्वयंपाकघरात जा आणि बघा, दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, मसाल्याचं पाकीट, साबणाचं खोकं, गोळ्यांची स्ट्रिप, शाम्पूचं पाऊच, हे सगळं कुणीतरी छापलंय आणि सगळं एकाच मशीनवर नाही. बिस्किटाचं रॅपर बहुतेक ग्रॅव्युअरवर, म्हणजे चित्र कोरलेल्या तांब्याच्या सिलेंडरवर, लेबलं आणि पिशव्या बऱ्याचदा फ्लेक्सोवर म्हणजे रबरासारख्या मऊ प्लेटने, औषधाचं खोकं ऑफसेटवर. लेकीला एक काम द्या. औषधाचं रिकामं खोकं उकलून सपाट करायला सांगा आणि आत दुमडलेल्या पट्ट्या बघायला सांगा, बऱ्याच खोक्यांवर तिथे रंगांचे बारीक ठिपके किंवा चौकोन दिसतात. ऑपरेटर ते बघून रंग सांभाळतो. वर्तमानपत्राच्या कडेला पण चार रंगांचे ठिपके असतात तेच. ते बघून तिला अजून प्रश्न पडले तर तिला पाठवा, मला विचाराल तर एवढीच परीक्षा पुरे.

शिक्षण कसं असतं ते माझ्या एका प्रसंगावरून सांगतो. ट्रेनिंगला मी एका प्रेसमध्ये होतो, पहिले पंधरा दिवस हातात मशीन नाहीच, फक्त कागदाच्या गठ्ठ्यात कडेने हवा भरायची, शीट सुटे करायचे, कडा ठोकून सारख्या करायच्या. मला राग यायचा, डिप्लोमा करून हमाली कसली. मग जुलैमध्ये एक चार रंगी काम आलं आणि मशीन होती दोन रंगी, म्हणजे एकच शीट दोनदा जाणार. पहिले दोन रंग संध्याकाळी झाले, गठ्ठा रात्रभर उघडा राहिला, सकाळी पुढचे दोन रंग लावले तर जुळेचनात. मध्यभागी बरोबर, कडेला फुलांना लाल सावली. मी तासभर प्लेट इकडे तिकडे सरकवत बसलो. मशीनवरच्या काकांनी येऊन कागदावर नुसता तळवा फिरवला आणि म्हणाले पोरा, मशीन बरोबर आहे, कागद पाणी प्यालाय. पावसाळी हवेने कागद ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेला फुगला होता, एवढासाच, पण डोळ्याला दिसण्याइतका. पुस्तकात तो धडा मी वाचलेला होता, मार्क पण मिळवलेले, पण तो शिकलो त्या सकाळी. ज्यांना मी हमाली म्हणत होतो त्या पंधरा दिवसांत काका माझ्या हाताला कागद शिकवत होते हे पण तेव्हाच कळलं.

ग्रेन म्हणजे काय ते तिला घरी दाखवा, जुना पेपर उभा फाडा आणि मग आडवा फाडा. एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा जातो. ज्या बाजूने सरळ जातो ती ग्रेनची दिशा.

मुलींचं विचारलंत. प्रीप्रेसला (छपाईआधीची फाईल आणि प्लेटची तयारी), क्वालिटीला, प्लॅनिंगला भरपूर मुली आहेत आणि उत्तम काम करतात. मोठ्या मशीनवर ऑपरेटर म्हणून कमी आहेत हे खरंच सांगतो, पाळ्या असतात, रात्रपाळी असते. माझ्या शॉपवर दोघी आहेत आणि रंग जुळवण्यात त्यांच्या डोळ्यावर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

बायनरी (पिंपरी)
मी कंप्युटरचा डिप्लोमा केला, मला आवडत होता म्हणून चांगलं झालं. पण आमच्या वर्गात निम्मी पोरं काकांनी सांगितलं म्हणून आलेली, त्यांचे विषय राहिले आणि वर्षं गेली. ताई, ज्या मुलीला काय करायचंय हे स्वतःहून माहिती आहे तिला डोळे झाकून काही घ्यायला लावू नका. आणि एक, पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तो ऑटो फ्रीझ होतो, नंतर बदलता येत नाही, म्हणून एक नंबरला काय टाकायचं ते घरात भांडून झाल्यावरच टाका.

फाईल आणि हॅकसॉ (सोलापूर)
मी एका पॉलिटेक्निकमध्ये वीसेक वर्षं वर्कशॉपला आहे, ब्रँच वेगळी आहे पण बोलायचं ते सगळ्या ब्रँचना लागू पडतं म्हणून लिहितो.

मुलं येतात तेव्हा हातात पेन सोडून काही धरलेलं नसतं. पहिल्या वर्षाला फिटिंगचा जॉब देतो, लोखंडाचा तुकडा फाईलने घासून काटकोनात आणायचा. मुलगा घासतो, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावतो, उजेडाकडे धरतो, फटीतून उजेड दिसतो, परत घासतो. मधे फुगीर आणि कडा उतरत्या होतात, कारण फाईल हातात डुलते, प्रत्येकाची डुलते. तिसऱ्या चौथ्या प्रॅक्टिकलला कधीतरी तो तुकडा उजेडाकडे धरतो आणि उजेड दिसत नाही. त्या वेळी त्या पोराचा चेहरा बघायला मिळतो म्हणून मी ही नोकरी करतो, दुसरं काही कारण नाही. आणि हे लागायला वेळ लागतो, नुसता वेळ. एका बॅचला वीस मुलं आणि तुकडा पकडायचे चालू व्हाईस सहाच असतील तर हा वेळ कुणालाच मिळत नाही.

म्हणून कोयनाकाठ ताई, ब्रँच कोणतीही घ्या, फॉर्म भरायच्या आधी लेकीला घेऊन वर्कशॉप बघायला जा. ऑफिसात नाही, वेबसाईटवर नाही, वर्कशॉपमध्ये. मशीन आहे का हे विचारू नका, मशीन असतंच. मशीनखालची फरशी बघा, तेलाचे शाईचे ताजे डाग आहेत का. कचऱ्याच्या डब्यात बघा, वाया गेलेले शीट, चिंध्या, लोखंडाचा बुरादा काय आहे. कागद, शाई, प्लेट यावर वर्षाला किती खर्च होतो ते विचारा, कारण मशीन एकदा सरकारकडून येतं पण कागद रोज लागतो आणि अडतं ते तिथेच. दुसऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, स्वतः मशीन चालवलं का, की सरांनी चालवलेलं बघितलं. फरक तिथे आहे.

पूर्वी आय स्कीमला, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाला, चौथ्या सेमिस्टरनंतर सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग होतं, २०२३-२४ पासून आलेल्या के स्कीममध्ये ते बारा आठवडे झालंय. हे चांगलं झालं. पण कंपनी कोणती मिळते त्यावर सगळं आहे, काही ठिकाणी पोरांना फक्त रजिस्टर भरायला बसवतात. ट्रेनिंग कुठे लागतं हे पण आत्ताच विचारून ठेवा.

चारकोपकर
वरच्या सरांना शंभर टक्के अनुमोदन. मी मेकॅनिकलचा, खासगी कॉलेज, नाव लिहीत नाही. आमच्याकडे सीएनसी म्हणजे कंप्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन होतं, तीन वर्षांत मी ते प्लास्टिकच्या कव्हरखालीच बघितलं, इन्स्पेक्शनच्या दिवशी तेवढं कव्हर निघायचं. प्रॅक्टिकलचं जर्नल सीनियरचं उतरवायचो, रीडिंगसकट, सही मिळायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरनी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिला आणि माप सांग म्हणाले, मला वाचता येत होतं पण हात इतका थरथरत होता की तीनदा तीन मापं आली. फार लाज वाटली, आईवडिलांनी कर्ज काढून फी भरली होती. पुढे शिकलो सगळं, पण ती तीन वर्षं माझ्याकडून काढून घेतली याचा राग अजून जात नाही. फरशी बघाच ताई.

मांजरपाट (छत्रपती संभाजीनगर)
मी ड्रेस डिझायनिंगचा डिप्लोमा केलाय, पॉलिटेक्निकमधूनच. आम्हालाही हेच ऐकायला लागलं, शिवणकामाला डिप्लोमा कशाला, क्लास लाव. लोकांना वाटतं क्रिएटिव्ह म्हणजे स्केच काढणं. स्केच काढायला फार तर अर्धा तास लागतो, त्यानंतरचं सगळं टेक्निकल आहे. आधी ब्राऊन पेपरवर पॅटर्न, मग मांजरपाटात कापून ट्रायल, मग चुका दिसतात. मला बाहीनं रडवलं. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा (बाही जोडायच्या खाचेपेक्षा) थोडी जास्त ठेवायची असते, तो जास्तीचा कपडा चुणी न पडता मुंढ्यात जिरवायचा, तर खांदा नीट बसतो आणि हात वर करता येतो. मी सात वेळा उसवली. मॅडम ओरडल्या नाहीत, त्यांनी माझाच ब्लाउज उलटा करून मुंढ्याची शिवण दाखवली, म्हणाल्या हे बघ, तुझ्या आईच्या टेलरनं हे केलंय आणि त्याला कुणी शिकवलं असेल विचार कर. तेव्हापासून टेलरकडे बघायची नजर बदलली माझी.

आज मी सॅम्पलिंगला आहे, डिझायनर स्केच देतो आणि मी सांगते हे कापडात होईल, हे नाही होणार, हे झालं तर एका नगाला इतकं कापड जास्त जाईल. तुमच्या लेकीला चित्र येतं आणि मशीन खोलता येतं, दोन्ही एकत्र असलेली माणसं फार कमी भेटतात हो. अशी मुलगी प्रीप्रेसला बसली तर नुसतं सुंदर डिझाईन करणार नाही, छापता येईल असं करेल.

कोयनाकाठ (कराड)
सगळ्यांचे मनापासून आभार, ह्यांना सगळं वाचून दाखवलं. कागद पाणी प्यालाय हे ऐकून हे हसले, म्हणाले आपल्याकडे दर पावसाळ्यात होतं, त्याला कॉलेजात शिकवतात हे मला माहीत नव्हतं. मग दोघं बापलेक औषधांची खोकी उकलत बसले रात्री. ठिपके सापडले! आता दोन शंका, पुढे डिग्री करता येते का आणि मुंबईचा खर्च कसा झेपवायचा.

शाईवाला (वसई)
ताई, डिग्री येते. डिप्लोमा झाला की थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पुण्यात विद्यार्थी गृहाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रिंटिंगची डिग्री आहे, माझे दोन मित्र तिथे गेले. पण माझा सल्ला असा की आधी एक वर्ष अप्रेंटिसशिप करू द्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली डिप्लोमावाल्यांना एक वर्ष कंपनीत घेतात, स्टायपेंड मिळतो, त्यातला काही भाग केंद्र सरकार देतं, त्यामुळे कंपन्या घेतात पण. एक वर्ष मशीनजवळ काढून मग डिग्रीला गेलेला मुलगा वर्गात वेगळाच असतो. फीसाठी टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीची योजना) ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा कोड असतो तो बघा, वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफ, जागा कमी असतात पण ८४ टक्क्यांना टाकून बघायलाच हवं. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, तहसीलला या दिवसात गर्दी असते. राहण्याचं मात्र मुंबईत अवघड आहे, ते आधी बघा, नातेवाईक कुणी असतील तर उत्तम.

कोयनाकाठ (कराड)
काल जाऊन आलो तिघंही. सीएसएमटीला उतरून चालतच गेलो. सोलापूरचे सर सांगत होते तसं ह्यांनी आधी फरशी बघितली. एक शिकवणारे सर भेटले, ह्यांनी सांगितलं आमची मिनी ऑफसेट आहे, मग दोघं अर्धा तास रोलर आणि मशीनला लागणाऱ्या पाण्याचा पीएच यावर बोलत उभे, आम्ही दोघी बाजूला. लेकीनी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला विचारलं तू स्वतः मशीन चालवतेस का, त्या मुलीनी काही न बोलता हात पुढे केले, नखांत निळी शाई होती.

परतीच्या गाडीत हे बराच वेळ गप्प होते, सातारा गेल्यावर म्हणाले एक नंबरला हाच टाक. माझ्या चुलत नणंदेचं घर डोंबिवलीला आहे, तिथे बोलणं चालू आहे. शाईवाला दादा, तिला रंगाचे ठिपके बघायचं ते भिंग घ्यायचंय, कोणतं घेऊ?

शाईवाला (वसई)
दहा पट मोठं दाखवणारं घडीचं लूप घ्या, त्याला धाग्याचं भिंग पण म्हणतात, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे किंवा छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. दादांच्या दुकानात जुनं पडलेलं असेल बहुतेक, आधी ड्रॉवर बघायला सांगा.