पोरीचा पेपर दोन ते पाच, तोवर मी संभाजीनगरात काय करू?

गिरणीवाला मानवत

रामराम मंडळी. येत्या रविवारी पोरीचा प्रवेश परीक्षेचा पेपर आहे. सेंटर विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात आलंय. पेपर दोन ते पाच, पण पोरांना साडेबारालाच आत घेतात आणि गेट लावून टाकतात. म्हणजे साडेबारा ते पाच मी मोकळा. हातात तिची पिशवी, घड्याळ, केसाच्या पिना, आणि वर मे महिन्याचं ऊन.

मागच्या खेपेला नांदेडला असाच एक पेपर होता. गेटासमोर लिंबाखाली पेपर अंथरून शे-सव्वाशे आईबाप बसलो. कुणी पोथी वाचतंय, कुणी घोरतंय. एक गृहस्थ मागच्या पाच वर्षांचे कटऑफ हरिपाठ म्हणावा तसे तोंडपाठ म्हणत होते. दोन तासांत माझं डोकं असं गरगरलं की पोरगी बाहेर आली आणि तिनंच मला लिंबूपाणी पाजलं. यावेळी तिनं बजावून सांगितलंय, पप्पा, गेटापाशी बसायचं नाही, कुठंतरी जाऊन या.

तर कुठं जावं? अडचणी आधीच सांगतो. उजवा गुडघा दुखतो, पायऱ्या जास्त नकोत. वेरूळ आणि दौलताबाद सांगू नका, तेवढा वेळ नाही. पोरीकडं मोबाईल नसणार, त्यामुळं पावणेपाचला गेटावर हजर पाहिजे म्हणजे पाहिजे. बीबी का मकबरा सातवीच्या सहलीत बघितलाय, पण त्यातलं एवढंच आठवतं की बाहेर काढलेली चप्पल गेली आणि घरापर्यंत अनवाणी आलो. म्युझियममध्ये मला फारसं कळत नाही, खरं सांगतो. गिरणी चालवतो, दळण कळतं.

जालनेकर

भाऊ, सरळ मॉल गाठा. एसी फुकट, बाथरूम स्वच्छ, बाकड्यावर डुलकी काढा. नाहीतर नान आणि मटणाचा रस्सा, म्हणजे नान-खलिया खा. औरंगाबादला येऊन नान-खलिया न खाता जायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परत यायचं.

गिरणीवाला मानवत

जालनेकर, घरात माळ आहे, खलिया जमायचा नाही. बायको दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देणार आहे. मॉलमध्ये मागं एकदा गेलो होतो. वॉचमन दर दहा मिनिटांनी माझ्याच पिशवीकडं बघत होता.

बेगमपुऱ्याच्या काकू

गिरणीवाले दादा, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत देऊन ठेवलंय. दळण कळतं ना? मग पाणचक्कीला जा. तुमचं सेंटर विद्यापीठ रस्त्यावर आहे, म्हणजे रिक्षानं पाच-दहा मिनिटं. गुडघ्यालाही त्रास नाही, सगळं सपाटीवर आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी सहल नेली. पोरं काय करतात, कुंडातले मासे बघतात, फोटो काढतात, निघतात. मोठी माणसंही तेच करतात. तुम्ही तसं करू नका. तुम्ही गिरणीवाले म्हणून बघा.

पाणी उत्तरेच्या डोंगराकडून येतं, काही किलोमीटरवरून. जमिनीखालून मातीचे नळ टाकलेत. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार. चक्कीपाशी आल्यावर ते पाणी एका उंच भिंतीत वर चढवलंय आणि तिथून कुंडात सोडलंय. लोकांना वाटतं ती धार शोभेची आहे. पण उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा जोर पात्यांच्या चाकाला मिळतो, चाकाचा दांडा वर दगडाला मिळतो आणि दगड फिरतो. शेजारी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते बुखाऱ्याकडून इकडं आलेले सूफी. दर्ग्यावर येणारे फकीर, यात्रेकरू, तिथं शिकणारी मुलं, एवढ्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ ही चक्की द्यायची.

आणखी एक. ते लांबोळकं कुंड आहे ना, त्याच्या तळाखाली मोठं दालन आहे. म्हणजे कुंडाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. मे महिन्यात हे बांधणाऱ्याचं डोकं कसं चाललं असेल ते तुम्हाला गेटावर लिंबाखाली बसून कळणार नाही. खाली जाऊ देतात का ते तिथं विचारा. नाही दिलं तर अंगणातला जुना वड आहे, त्याची सावली पुरे.

जमिनीखालून पाणी आणायची या शहराची खोड पाणचक्कीच्याही आधीची आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि डोंगरातलं पाणी भुयारी नहरीनं गावात आणलं. हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस, निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना जेरीस आणलं. त्यानं १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा तुम्हाला जाता-येता दिसेल. रिक्षातूनच बघा, खाली उतरून ट्रॅफिकमध्ये गुडघा आणखी बिघडवू नका.

मकबरा यावेळी राहू द्या. भर दुपारी तिथली फरशी तव्यासारखी तापते आणि चपलेचा तुमचा अनुभव आहेच.

नागसेनवनातला

काकूंनी छानच सांगितलं, पण एक राहिलं. सेंटर विद्यापीठ रस्त्यावर म्हणजे बहुतेक आमच्याच भागात. मग कुठं जाण्याआधी पाच मिनिटं जिथं उभे आहात तिथंच आजूबाजूला बघा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं कॉलेज सुरू केलं, तेच मिलिंद महाविद्यालय. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याआधी आपल्या मराठवाड्यातल्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागायचं. माझे आजोबा बीड जिल्ह्यातून पायी आणि बैलगाडीनं आले होते, डोक्यावर पत्र्याची पेटी. मानवतची पोरगी पेपरला कुठं आलीय ते तिलाही सांगा. पेपर झाल्यावर सांगा, आधी नको.

बरं, म्युझियम हवंच असेल तर सोनेरी महाल. विद्यापीठाच्या मागं डोंगराच्या पायथ्याला आहे. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेला बुंदेला सरदार पहाडसिंग, त्यानं बांधलेला. भिंतींवर सोन्याचं चित्रकाम होतं म्हणून हे नाव, आता सोनं शोधत बसू नका. आत सरकारी संग्रहालय आहे. गर्दी नसते, बाग निवांत आहे. पायऱ्या मात्र आहेत.

जालनेकर

काकू, मकबऱ्याला तुम्ही फारच झटकून टाकलं. गरिबाचा ताजमहाल म्हणून लोक नाक मुरडतात, म्हणून विचारतो.

बेगमपुऱ्याच्या काकू

जालनेकर, मी मकबऱ्याला नाही, दुपारच्या उन्हाला झटकलं. घरातून त्याचे मनोरे दिसतात माझ्या, मी त्याला कशाला नावं ठेवू? गरिबाचा ताज हा शब्द मला मुळीच आवडत नाही. ज्या अताउल्लानं हा आराखडा केला त्याचा बाप ताजचा वास्तुविशारद, उस्ताद अहमद लाहोरी. मुलानं बापाची नक्कल केली म्हणा हवं तर, पण खिसा कुणाचा होता तेही बघा. खर्चाचा जुना आकडा सांगतात तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सात आण्यांचाही हिशेब ठेवलाय, म्हणजे मालक कसा होता ते समजा. संगमरवर खाली दगडी पट्ट्यापुरता आणि घुमटाला, मधलं सगळं काळा दगड आणि त्यावर घोटलेला गिलावा. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जात होता, त्याला वाटेत संगमरवर भरलेल्या ३०० गाड्या दिसल्या आणि त्यातल्या लहानात लहान गाडीला १२ बैल होते, असं त्यानं लिहून ठेवलंय. औरंगजेबाच्या बेगमेच्या, दिलरस बानूच्या कबरीसाठी एवढी जनावरं घाट चढली. दाराजवळ अताउल्लाबरोबर हंसपतराय या अभियंत्याचंही नाव कोरलंय. गिलाव्यावरची वेलबुट्टी सकाळी सातला बघायला या, मग बोलू.

गिरणीवाला मानवत

मंडळी, काल जाऊन आलो. सांगितल्याशिवाय राहवेना.

पोरगी आत गेली, गेट लागलं. एक जण माझ्याशेजारी पेपर अंथरायला लागला आणि म्हणाला, यंदा कटऑफ वाढणार बघा. मी लगेच रिक्षाला हात केला.

पाणचक्कीला एकच्या सुमारास पोचलो. आधी वडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. मग चक्की बघायला गेलो ते, खोटं सांगत नाही, दीड तास तिथंच. लोक येत होते, डोकावत होते, मोबाईल वर करत होते, जात होते. एका बाईनं नवऱ्याला विचारलं, एवढंच? मी मनात म्हटलं, एवढंच नाही हो बाई.

आमच्या धंद्यात दगड म्हणजे सगळं. माझ्या गिरणीला दहाची मोटर आहे, पट्टा आहे, लाईट गेली की दळणाचे डबे रांगेत आणि बायका माझ्या नावानं बोटं मोडतात. लाईटचं बिल भरून हातात काय उरतं ते माझं मला माहीत. इथं मात्र डोंगरावरून आलेलं पाणी, मधे एक दांडा, वर दगड, आणि बिल शून्य. पण मला खरी गंमत दुसरीच वाटली. चक्की पाण्यावर चालते हे सगळे सांगतात, दगडाला टाकी कोण मारायचं हे कुणी सांगत नाही. दगड घासला की गुळगुळीत होतो, मग पीठ जळतं, हाताला गरम लागतं, भाकरी थापताना चिरते. आम्ही आठ-पंधरा दिवसांनी दगड उतरवतो आणि टाकी मारून खडबडीत करतो. हातावर कपच्या उडतात, माझ्या उजव्या मनगटावर निळे ठिपके आहेत त्याचे. त्या फकिरांच्या भाकरीसाठीसुद्धा कुणीतरी वरचा दगड उतरवत असेल, मांडीत छिन्नी-हातोडा घेऊन बसत असेल. त्याच्याही मनगटावर ठिपके असतील. त्याचं नाव कुठं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. हंसपतरायाचं निदान दारावर आहे.

तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांना विचारलं, पाणी कमी-जास्त झालं तर पीठ जाड-बारीक होत असेल ना? ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, चाळीस वर्षांत असं विचारणारा पहिलाच आलास, करतोस काय? गिरणी, म्हटलं. मग त्यांनी मला चहा पाजला. खालच्या दालनाचं विचारायचं त्या नादात राहूनच गेलं. काकू, माफी असावी. कुंडाच्या काठाला मात्र गार होतं. पाय पाण्याजवळ सोडून बसलो, गुडघ्याला बरं वाटलं.

सोनेरी महाल झाला नाही. चाचांनी वेळ विचारली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरीचं घड्याळ माझ्याच पिशवीत आहे. काढून बघतो तर चार पस्तीस! रिक्षा मिळेना. भडकल दरवाज्यापाशी दहा मिनिटं अडकलो. दरवाजा मात्र नीट बघून झाला, चारी बाजूंनी गाड्या आणि मधे तो गप उभा. पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, पोरं बाहेर पडत होती. पोरगी दिसली, आणि मी पेपर कसा गेला हे विचारायच्या आधी दगडाचंच सांगायला लागलो. ती ऐकत होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, पप्पा, पेपर बरा गेला. मग नागसेनवनवाल्या दादांचं सांगणं आठवलं, तिला कॉलेजचं आणि पत्र्याच्या पेटीचं सांगितलं. ती वळून इमारतीकडं बघत राहिली. गाडीत बसेपर्यंत गप्पच होती.

आता म्हणते, निकाल काहीही लागो, पुढच्या महिन्यात मकबरा बघायचा, आणि सकाळी सातलाच. काकू, तुमच्यामुळं हे. आदल्या रात्रीची गाडी धरावी लागणार. तेवढं एक सांगा, तिथं चपलेचं काय करू?

बेगमपुऱ्याच्या काकू

पिशवीत घालून बगलेत धरा, दादा. नाहीतर सरळ माझ्या ओट्यावर काढून जा.